मारोत्ता गेला की घालवला? युव्हेंटसवाल्यांनी सांगा

मिरकरवाड्याचा_बियांकोनेरी

जुना विषय उकरतोय, सांभाळून घ्या. मासेमारीची बंदी चालू आहे, पावसाने धरून ठेवलंय, नौका शाकारून झाल्यात. हाताला काम नसलं की माणूस वाद घालतो.

परवा जाळ्यांच्या शेडमध्ये चुलतभावाशी जुंपली. मी इटलीतल्या युव्हेंटस या फुटबॉल क्लबचा, तो तिथल्याच इंटर क्लबचा. (आमच्या घरात दोन पक्ष आहेत, निवडणुकीशी संबंध नाही.) त्याचं म्हणणं असं की वाडवडिलांची गादी मिळालेल्या अध्यक्ष आन्द्रेआ आन्येल्लीने २०१८ मध्ये क्लबचा कारभारी मारोत्ता याला दार दाखवलं आणि त्या दिवसापासून युव्हेंटसला उतरती कळा लागली. मी म्हटलं, एवढा मोठा क्लब एका पगारी माणसाच्या जाण्याने बुडतो होय?

पण घरी येऊन अंथरुणावर पडल्यावर मलाच ते पटेना.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आन्येल्ली म्हणजे फियाटवाले. १९२३ पासून क्लब त्यांच्या घरात. २००६ च्या घोटाळ्यात युव्हेंटस खालच्या विभागात फेकली गेली, परत वर आली, पण गाडी रुळावर येईना. २००९-१० ला सातवा नंबर. मे २०१० मध्ये आन्द्रेआ अध्यक्ष झाला, वय ३४. त्याने सांपदोरियातून मारोत्ताला आणलं. पहिल्या वर्षी पुन्हा सातवा नंबर! लोकांनी दोघांनाही शिव्या घातल्या. मग २०११ मध्ये मिलान क्लबने पिर्लो या खेळाडूला सोडलं, याने फुकटात उचलला. २०१२ मध्ये पोग्बा, तोही जवळपास फुकट, आणि चार वर्षांनी त्याचे १०५ दशलक्ष युरो केले. २०१२ ते २०१८ सलग सात वेळा लीग.

जुलै २०१८ मध्ये रोनाल्डो आला, १०० दशलक्ष युरोला. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होतो, खोलीवरच्या पोरांना मिसळ खिलवली होती. आणि अडीच-तीन महिन्यांत, २९ सप्टेंबरला, नापोलीला ३-१ हरवल्यावर मारोत्ता टीव्हीवर येऊन सांगतो की नव्या संचालक मंडळाच्या यादीत माझं नाव नाही. मॅच जिंकलेली, टेबलात वर, आणि कारभारी कोट घालून निघाला. रोनाल्डोवरून खटका उडाला अशी चर्चा तेव्हा भरपूर होती.

तर प्रश्न हा. मालक वारसाहक्काने आलेला, पण कारभारी त्याने स्वतः निवडून आणलेला. सगळं नीट चाललेलं. मग नेमकं काय होतं की त्या माणसाला जावं लागतं? ‘अहंकार’ हे एका शब्दाचं उत्तर नको, ते चुलतभावाने दिलंय.

आकडेबाज_चिपळूण

आधी एक दुरुस्ती. आन्द्रेआला सरसकट ‘मालक’ म्हणू नकोस. क्लबचे बहुतांश शेअर एक्सोर या घराण्याच्या कंपनीकडे, आणि एक्सोरची सूत्रं जॉन एल्कानकडे. एल्कान म्हणजे जियान्नी आन्येल्लीच्या मुलीचा मुलगा. आन्द्रेआ हा जियान्नीचा धाकटा भाऊ उंबेर्तो, त्याचा मुलगा. म्हणजे आपल्या हिशेबाने आन्द्रेआ एल्कानचा चुलतमामा लागतो. मामा जेमतेम चार महिन्यांनी मोठा, आणि तिजोरीची किल्ली भाच्याच्या कनवटीला. इंग्रजी बातम्या दोघांनाही ‘कझिन’ म्हणून मोकळ्या होतात आणि अर्धी गंमत तिथेच जाते.

खरं तर गादी या दोघांपैकी कोणाचीच नव्हती. आन्द्रेआचा सावत्र भाऊ जियोव्हानी आल्बेर्तो याला तयार करत होते, तो १९९७ मध्ये ३३ व्या वर्षी कॅन्सरने गेला. त्यानंतर जियान्नी आजोबांनी २१ वर्षांच्या नातवाला, म्हणजे एल्कानला, फियाटच्या संचालक मंडळावर बसवलं. तेव्हा आन्द्रेआच्या वाट्याला आलं ते फुटबॉल. ज्याला घरातला एकच कोपरा मिळालाय तो माणूस त्या कोपऱ्यात काय काय सिद्ध करू पाहील याचा विचार कर. अहंकार नको म्हणतोस म्हणून हे लिहिलं.

दुसरं, ‘त्या दिवसापासून उतरती कळा’ हे आकड्यांत बसत नाही. मारोत्ता गेल्यावर २०१९ आणि २०२० ची लीग युव्हेंटसनेच जिंकली. युरोपभरच्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये मात्र, जिच्यासाठी रोनाल्डो आणला, तिथे आयाक्स, लियों, पोर्तो अशी ओळीने तीन वर्षं माती खाल्ली. पैशाचं तर विचारू नका. भागधारकांकडून आधी ३०० दशलक्ष, मग २०२१ मध्ये आणखी ४०० दशलक्ष युरो भांडवल घ्यावं लागलं. २०२१-२२ चा तोटा २५० दशलक्षांच्या घरात. कोविडचा वाटा त्यात मोठा आहे, तो नाकारत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये अख्ख्या संचालक मंडळाने राजीनामा दिला, आणि त्या मोसमात हिशेबांच्या भानगडीत १० गुण कापले गेले.

म्हणजे छप्पर पहिल्या पावसात गळलं नाही. तिसऱ्या-चौथ्या पावसात गळलं.

नेराझ्झुरी_नाटे

चुलतभाऊ तो मीच.

पुढची गोष्ट दादाने सोयीस्करपणे गाळली, ती मी सांगतो. मारोत्ता डिसेंबर २०१८ मध्ये आमच्याकडे आला. आमच्याकडे कोण होता? स्टीव्हन झांग. सुनिंग या चिनी कंपनीवाल्या बापाचा मुलगा, वय २६, नुकताच अध्यक्ष झालेला! म्हणजे एका वारसदाराकडून उठून दुसऱ्या, त्याहून कोवळ्या वारसदाराकडे. आणि २०२१ ला लीग कोणी जिंकली? कोच कोण? कोंते, युव्हेंटसचाच जुना. नऊ वर्षांची माळ आम्ही तोडली. २०२४ ला विसावं विजेतेपद, तेही मिलानच्या नाकावर टिच्चून डर्बीत. पुढच्याच महिन्यात, मे मध्ये, सुनिंगला कर्ज फेडता आलं नाही, क्लब ओकट्री नावाच्या सावकाराच्या ताब्यात गेला, झांग गेला. आणि जूनमध्ये अध्यक्ष कोण झालं? मारोत्ता. कारभारी खुर्चीवर, वारस घरी.

आणि दादा, मंडळींना खरं कारण सांग ना. इटलीचं पुराण लावलंयस ते तात्या सोडून चाललाय म्हणून. काकांच्या वेळचा माणूस.

मिरकरवाड्याचा_बियांकोनेरी

हे इथे लिहायची गरज होती का रे?

बरं. आता फुटलंच आहे तर.

बाबा गेल्या मार्गशीर्षात गेले. आमच्या दोन नौका. मी पुण्याची नोकरी सोडून आलो. मोठ्या नौकेवर तांडेल, म्हणजे नौका चालवणारा प्रमुख, तो तात्या, २४ वर्षं. मी शाळेत होतो तेव्हा तो आला. बाबांना पोहता येत होतं, नौका चालवता येत नव्हती, आणि हे ते चारचौघांत हसत सांगायचे. रोज पहाटे बंदरावर गेले की पहिला शब्द ‘काय रे तात्या?’ एवढाच. ते ‘काय रे’ कशाबद्दल आहे हे त्या दोघांनाच कळायचं. वारा, बर्फ, बांगडा कुठे लागला, कोणत्या खलाशाच्या घरी काय झालंय, सगळं त्यात यायचं.

मी मार्चमध्ये मोठं इंजिन घ्यायचं ठरवलं. सेकंडहँड, पण चांगलं. शिवाय फिश फाइंडर. बँकेचं कर्ज काढलं, थोडे पैसे व्यापाऱ्याकडून आगाऊ. तात्या म्हणाला, दोन हंगाम थांब. मी थांबलो नाही. जुन्या इंजिनाने दुसऱ्यांच्या मागे राहतो, डिझेल दुप्पट खातं, हे मी वहीत मांडून दाखवलं होतं. हिशेब चुकीचा नव्हता, आजही नाही.

तो भांडला नाही. बंदी लागली, नौका वर घेतल्या, प्लास्टिक टाकून बांधून झालं, आणि पाच जूनला त्याने किल्ली आणि वही माझ्या हातात दिली. ‘नारळी पौर्णिमेच्या आधी दुसरा बघ.’ बस. याच बंदरातल्या दुसऱ्या मालकाकडे चाललाय. बंदरावर ज्यांचं जातं त्यांना माहीत आहे, तांडेल एकटा जात नाही. नेपाळचे चार आणि कारवारकडचे दोन खलाशी त्याच्या शब्दावर येतात, तेही जाणार.

म्हणून विचारत होतो. तात्या मारोत्ता नाही, मी काय आन्येल्ली नाही, आमच्याकडे पोग्बा नाही. पण रात्री झोप लागत नाही.

आकडेबाज_चिपळूण

अरे मग तुझं उदाहरणच चुकलं.

मारोत्ताला आन्द्रेआने आणलं होतं. तात्याला तू आणलेलं नाहीस, बाबांनी आणलं. तुझी गोष्ट युव्हेंटसची नव्हेच, मिलानची आहे. उद्योगपती बेर्लुस्कोनीने १९८६ मध्ये मिलान घेतली तेव्हापासून गाल्लियानी कारभारी. २०११ मध्ये मुलगी बार्बरा संचालक मंडळावर आली. तिला क्लब नव्या पद्धतीने चालवायचा होता, खरेदी-विक्रीतल्या चुका तिने उघड बोलून दाखवल्या. नोव्हेंबर २०१३ मध्ये गाल्लियानीने राजीनाम्याची घोषणाच केली. बापाने मध्ये पडून दोघांना दोन खुर्च्या दिल्या, फुटबॉल एकाकडे, बाकी व्यवहार दुसरीकडे. पुढची तीन-चार वर्षं मिलान टेबलात किती खाली होती ते आठव. २०१७ मध्ये क्लब विकला.

आणि मग बघ, २०१८ मध्ये बेर्लुस्कोनीने मोंझा नावाचा लहानसा क्लब घेतला, गाल्लियानी पुन्हा सोबत, आणि २०२२ मध्ये मोंझा इतिहासात पहिल्यांदा सेरी आ या वरच्या लीगमध्ये. म्हणजे गाल्लियानी मिलानचा माणूस नव्हताच. तो बेर्लुस्कोनीचा माणूस होता. असा माणूस इस्टेटीबरोबर वारशात येत नाही रे. सातबाऱ्यावर त्याचं नाव नसतं.

तुझ्याकडे मध्ये पडायला बाबा नाहीत, एवढाच फरक.

(शेवटचं वाक्य लिहिल्यावर वाईट वाटलं. पण खोडत नाही.)

वेंगुर्ल्याचो_आजो

बाबा, मी फुटबॉल बघणारो न्हय. नातू रात्री बाराक टीव्ही लावता म्हणान नावां कानार पडतत. पण तुझी ती तात्याची गोष्ट वाचलंय आणि गप रवाक जमला नाय. पुढचा शुद्ध मराठीत लिहितंय, नायतर तुमका रत्नांग्रीवाल्यांका कळूचा नाय.

मी एका काजू कारखान्यात ३१ वर्षं होतो. कारखान्याचं नाव घेत नाही, माणसं हयात आहेत. हिशेब, कामगार बायकांचे पगार आणि मुख्य म्हणजे काजू बीची खरेदी माझ्याकडे. पोत्यात हात घालायचा, मूठभर बी काढायची, सुरीने कापून बघायची. गर किती भरेल, किती पोकळ निघेल, हे कापल्यावर कळतं, आणि वीस वर्षं कापल्यावर न कापताच कळायला लागतं. थोरले मालक सकाळी सातला यायचे, चहा दोन कप यायचा, आणि ‘काय म्हणता?’ विचारायचे. तुझ्या बाबांचं ‘काय रे’, तसंच.

ते गेल्यावर मुलगा आला. चांगला मुलगा हो! वाईट म्हणणार नाही. मला पगारवाढ दिली, खुर्ची बदलून फिरती दिली. पण चहाचा एकच कप यायला लागला.

एके दिवशी फाटकात ट्रक उभा. आफ्रिकेहून आलेली बी, कंटेनरभर. मला माहीतच नव्हतं. ड्रायव्हर माझ्याकडे पावती मागतोय आणि मी त्याच्याकडे बघतोय. इथे तुम्हाला वाटेल की माल खराब निघाला, कारखाना बसला आणि म्हाताऱ्याचं खरं झालं. तसं काही झालं नाही. माल उत्तम निघाला. त्या वर्षी चांगला नफा झाला, मलाही बोनस मिळाला.

आणि त्याच वर्षी मी सोडलं.

बायको म्हणाली, वेडे आहात का, नफा झालाय. तिला सांगता आलं नाही, तुला सांगतो. माल खराब निघाला असता तर तो पुढच्या वेळी मला विचारायला आला असता. चांगला निघाला, म्हणजे न विचारता चालतं हे त्याला कळलं. आता तो कधीच विचारणार नव्हता. मला कोणी काढलं नाही. मला विचारणं बंद केलं. त्या फिरत्या खुर्चीत बसून मी दिवसभर सह्या करत होतो, आणि सह्या करायला माझी गरज नव्हती.

वर कोणीतरी लिहिलंय की तो इटलीतला कारभारी गेल्यावरही दोन वर्षं ते जिंकतच राहिले. मला त्यात नवल वाटत नाही. पोत्यातली बी चांगली असेपर्यंत कापून बघणारा माणूस रिकामटेकडाच दिसतो.

तुका एकच इचारतंय. कर्जाचो आकडो तू तात्याक कधी सांगलंस? सही करच्या आधी, की मागसून?

मिरकरवाड्याचा_बियांकोनेरी

मागून.

आजोबा, खरं सांगायचं तर सांगितलाही नाही. नौकेच्या कागदांची फाइल त्याच्याकडे असते. त्यात बँकेचं पत्र होतं, त्याने वाचलं असणार.

नेराझ्झुरी_नाटे

दादा, हे मला माहीत नव्हतं.

हर्णैची_सून

इतक्या पुरुषांनी इटली फिरवून आणली, आता जरा जमिनीवर या.

आमच्याकडे पाच वर्षांपूर्वी हेच झालं. तांडेल गेला, सासरे रुसले, आणि हिशेब अर्धा राहिला. कोणाची उचल किती, शेवटच्या फेरीचा वाटा किती, बर्फाचे पैसे कोणी भरले, असे चिल्लर मुद्दे. चिल्लर असतात तेच कुजतात. हर्णैच्या किनाऱ्यावर संध्याकाळी लिलाव लागतो तेव्हा ती दोन माणसं पाठीला पाठ लावून उभी राहायची, दोन वर्षं. आणि मधल्या मध्ये नवा खलाशी आमच्याकडे यायला बिचकायचा. बंदरावर सगळ्यांना सगळं माहीत असतं, फक्त तोंडावर बोलत नाहीत.

तेव्हा भाऊ, त्याला थांबवायला जाऊ नका. दुसऱ्या मालकाला शब्द दिलाय, तो मोडायला लावलात तर त्याचीच किंमत जाईल. हिशेब करायला जा. वही घेऊन जा, फोनमधलं दाखवू नका. त्याचा वाटा मांडा, खलाशांच्या उचलीतलं त्याने स्वतःच्या खिशातून काही दिलं असेल तर विचारा, तांडेल देतात आणि सांगत नाहीत. एकटे जा, या इंटरवाल्याला नेऊ नका.

आणि खलाशांचं आत्ताच बघा. जुलैत शोधायला लागलात तर राहिलेलं खोबरं मिळेल.

आकडेबाज_चिपळूण

ताईंच्या मुद्द्याला एक जोड. आन्द्रेआ आन्येल्ली युएफा या युरोपच्या फुटबॉल संघटनेच्या अध्यक्षाच्या, चेफेरिनच्या मुलीचा धर्मपिता होता. एप्रिल २०२१ मध्ये सुपर लीगचा, म्हणजे बड्या क्लबांच्या वेगळ्या स्पर्धेचा बेत शिजवला आणि चेफेरिनला पत्ता लागू दिला नाही. ते घर कायमचं तुटलं. बेत दोन दिवसांत बारगळला, माणूस मात्र परत मिळाला नाही. बेत फसला तर निस्तरता येतो, पण शेजारच्या माणसाला तो दुसरीकडून कळला की कठीण.

मिरकरवाड्याचा_बियांकोनेरी

आठ दिवसांनी लिहितोय, माफ करा.

काल संध्याकाळी गेलो, एकटा, वही घेऊन. तात्या ओट्यावर सुतळी वळत बसला होता. वहिनींनी चहा दिला. (दोन कप, आजोबा.) हिशेब तासभर चालला. ताईंचं बरोबर निघालं, दोन खलाशांना गावी जायला त्याने स्वतःचे साडेसात हजार दिले होते आणि वहीत कुठे लिहिलं नव्हतं. ते दिले. घेत नव्हता, मग घेतले.

इंजिनाचा विषय मी काढला. न विचारता सही केली, चुकलं, असं म्हणालो. तो काही बोलला नाही. सुतळी वळत राहिला. परत येशील का हे मी विचारलं नाही, ताईंनी सांगितलं होतं म्हणून नव्हे, तोंडातून निघालंच नाही.

मी चप्पल घालत होतो तेव्हा म्हणाला, ‘नव्या इंजिनाचा गिअरबॉक्स समुद्रात घालायच्या आधी उघडून बघ. आवाज बरोबर नाही.’

मी म्हटलं, तू कधी ऐकलास? ट्रायलला तर मी आणि मिस्त्री दोघेच होतो.

म्हणाला, ‘जेट्टीवर होतो की.’

नेराझ्झुरी_नाटे

उघडलास?

मिरकरवाड्याचा_बियांकोनेरी

मिस्त्री उद्या सकाळी येतोय. आणि तो गावभर सांगेल त्याआधी मीच सांगतो, तात्यालाही बोलावलंय. येतो म्हणाला नाही. किती वाजता, एवढं विचारलं.